जेट्टीवर गरवायला (गळाने मासे धरायला) जाताना : शिसं जाऊ द्या, गळ वाचवा

मालवणसारख्या बंदरात जेट्टीच्या खांबांभोवती खडप, फाटकी जाळी, कुजके दोर असं सगळं पडलेलं असतं. मासा तिथेच असतो, आणि गळ बुडवणारं शिसंही तिथेच अडकतं. नवखा माणूस पहिल्या दुपारी पाच-सहा गळ घालवतो तो हात वाईट म्हणून नव्हे. त्याची बांधणीच चुकलेली असते.

तयार पाकिटातल्या बांधणीत शिसं मुख्य दोरीच्याच टोकाला असतं, गळ त्याच्या वर. शिसं कपारीत बसलं की आपण ओढतो, आणि दोरी तुटते ती वरच्या एखाद्या गाठीशी. एका शिशापायी दोन गळ आणि स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी) पाण्यात. असली पाकिटं घेऊच नका. मुख्य दोरी ०.४० मिमीची, तिला तीन कड्यांचं स्विव्हल. एका कड्याला दीड वीत लांबीचा जाड दोरा आणि एकच गळ. उरलेल्या कड्याला ०.२५ मिमीचा हातभर दोरा आणि त्यावर ४० ग्रॅमचं शिसं. गंजका नटही चालतो, उलट तोच बरा. अडकलं की तो बारीक दोराच तुटणार. इथे ०.३५चा दोरा लावून काटकसर करणारे खूप. मुख्य दोरीतल्या गाठीने तिची ताकद आधीच उतरलेली असते, मग आधी काय तुटेल सांगता येत नाही. बारीक दोऱ्यावर जोरात फेकताही येत नाही, पण लांब फेकायचंय कशाला? खांबालगत सोडा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की दोरा घासून तापतो आणि तिथेच कच्चा पडतो. अडकलेली दोरी बोटाला गुंडाळून ओढू नका, काठीला गुंडाळा.

वेळेसाठी तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनला भरती पूर्ण, पंचमीला पावणेचारला. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे. दोन तास आधी जाऊन बसा. पुनवेला-अवसेला दुपारभर ओहोटीची ओढ असते, ४० ग्रॅम जागेवर राहत नाही. नवख्याने ते दिवस सोडावेत. आमिषाला ताजी कोळंबी, सोलून, गळाचं टोक जेमतेम बाहेर. रॉड नंतर घ्या. हातदोरीवर टोच जशी कळते तशी रॉडवर कळायला वर्ष जातं.

सोबत मित्र हवाच. दोघांची शिशी सारख्या वजनाची ठेवा, नाहीतर हलकं वाहत जाऊन दुसऱ्याच्या दोरीत गुंतणार. पाण्यात तांबोशी हलकी लागते. हवेत लटकली की सगळं वजन गळावर येतं, ओठ फाटतो आणि ती गेली. एकाने मासा पाण्यातच धरून ठेवायचा, दुसऱ्याने दोर बांधलेली कड्याची जाळी त्याच्याखाली सोडायची.

शिंगाळा आला तर हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि बाजूच्या परांना दोन, असे तीन विषारी काटे असतात. पायाने दाबायचाही नाही, काटा चप्पल भेदतो. पकडीने गळ सोडवा, नाहीच सुटला तर दोरा कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवा, मग डॉक्टरकडे. घाबरण्यासारखं क्वचितच होतं, पण दुखतं भयंकर. फुगणारा केंड मात्र लगेच परत सोडा, तो खाण्याचा मासा नव्हे.

होड्या लागतात त्या बाजूला बसू नका. कुठे बसावं ते तिथे जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा; दहा व्हिडिओंत नसतं ते तो हनुवटीने दाखवतो.