४३६३ ची बारीक रेष: विश्वाच्या सुरुवातीच्या गॅलेक्सींवर काम करायचंय त्यांच्यासाठी

एमएस्सी फिजिक्स करून मी या विषयात आले तेव्हा पहिली अडचण शब्दाचीच झाली. आमच्याकडे हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला मेटल म्हणतात, ऑक्सिजन मेटल, कार्बन मेटल, निऑनसुद्धा मेटल. कारण बिग बँगनंतर वजनाने साधारण ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम आणि नावापुरतं लिथियम एवढंच होतं, बाकी सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात शिजलं. म्हणजे एखाद्या गॅलेक्सीत ऑक्सिजन किती आहे ते कळलं की तिथे आधी किती तारे होऊन गेले, किती गॅस बाहेर फेकला गेला, किती नवा कोरा गॅस येऊन मिसळला, याचा हिशोब लावता येतो. मला हा हिशोब मनापासून आवडतो आणि नवीन येणाऱ्यांचे सुरुवातीचे महिने माझ्यासारखे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. जेस्ट, नेट, गेट या परीक्षांची माहिती सगळीकडे मिळते, त्यात शिरत नाही.

कामाचा गाभा असा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे वेव्हलेंग्थ मोजायचं एकक) जोरदार चमकतो, आणि ४३६३ ला अगदी बारीक. प्रकाश फोडून स्पेक्ट्रम काढला की अशा प्रत्येक वेव्हलेंग्थला एक रेष दिसते. ४३६३ साठी इलेक्ट्रॉनला आणखी वरच्या पायरीवर चढावं लागतं, त्यामुळे गॅस जितका गरम तितकी ती रेष उठून दिसते. तिचं ५००७ शी गुणोत्तर काढलं की टेंपरेचर मिळतं आणि टेंपरेचर हातात आलं की हायड्रोजनच्या मानाने ऑक्सिजन किती ते निघतं. याला डायरेक्ट मेथड म्हणतात. गॅस थंड करायचं काम बरंचसं ऑक्सिजनच करतो, म्हणून जिथे ऑक्सिजन कमी तिथे गॅस जास्त गरम आणि ४३६३ जास्त ठळक. ठळक म्हणजे तरी किती, तर १५ हजार केल्विनला ५००७ च्या जेमतेम दोन टक्के.

२५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब टेलिस्कोप उडाला आणि जुलै २०२२ मध्ये पहिला डेटा आला, त्यात एसएमएसीएस ०७२३ या गॅलेक्सींच्या क्लस्टरच्या मागे रेडशिफ्ट ८.५ च्या (म्हणजे विश्व पसरल्यामुळे वेव्हलेंग्थ ८.५ अधिक १, अशी ९.५ पट ताणली गेलेल्या) एका गॅलेक्सीत ही रेष दिसली. मी वहीत ४३६३ ला ९.५ ने गुणून बघितलं, ४.१४ मायक्रॉन, आणि स्पेक्ट्रममध्ये बरोबर तिथेच उंचवटा. विश्व जेमतेम ६० कोटी वर्षांचं असतानाचा ऑक्सिजन. त्या दिवशी माझा विषय ठरला.

आता चूक सांगते, कारण ही चूक बरेच जण करतात. माझी पहिली गॅलेक्सी रेडशिफ्ट ६ च्या आसपासची, डेटा वेबच्या प्रिझमचा, म्हणजे प्रकाश ढोबळ फोडणाऱ्या मोडचा. ४३६३ फिट केली, चांगली मोठी आली, टेंपरेचर भरमसाट, ऑक्सिजन सूर्याच्या दोन टक्क्यांच्याही खाली. मी दोन आठवडे त्याच आनंदात प्लॉट करत बसले. मग गाइडनी एकच विचारलं, एच गॅमा कुठेय? एच गॅमा ही हायड्रोजनची रेष ४३४० ला असते, फक्त २३ अँगस्ट्रॉम अलीकडे, आणि प्रिझमला तिथे तेवढं बारीक दिसतच नाही, दोन्ही रेषा मिळून एकच ढेकूळ होतं. प्रकाश जास्त बारीक फोडणाऱ्या ग्रेटिंगचा डेटा काढला तर मी ४३६३ म्हणून मोजलेला बराचसा प्रकाश एच गॅमाचा निघाला. ४३६३ जास्त मोजली की टेंपरेचर वाढतं आणि ऑक्सिजन कमी भासतो, म्हणजे चूक नेमकी तिकडेच नेते जिकडे आपल्याला जायची इच्छा असते.

तेव्हापासून सवय लावून घेतलीय. आधी ५००७ आणि ४९५९ चं गुणोत्तर तीनच्या जवळ येतंय का बघायचं, ते अणूच्या रचनेनेच ठरलेलं आहे, गॅलेक्सी कुठलीही असो, बदलत नाही, नाही आलं तर गडबड आपल्या फिटमध्ये. मग वाटेतली धूळ किती प्रकाश अडवते ते हायड्रोजनच्या रेषांवरून. आणि वेव्हलेंग्थची यादी हवेतली की व्हॅक्यूमची तेही बघा, ५००७ ला दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास फरक पडतो, म्हणजे सेकंदाला ८० किलोमीटरपेक्षा जास्त, नंतर आठवडाभर शोधत बसाल.

सुरुवात वेबच्या डेटाने करू नका असं माझं स्पष्ट मत. आय झ्विकी १८ नावाची जवळची छोटी गॅलेक्सी आहे, ऑक्सिजन सूर्याच्या साधारण तीन टक्के, तिच्या छापून आलेल्या रेषांच्या आकड्यांवरून हाताने, कागदावर, एकदा ऑक्सिजन काढा. मग पायनेब वापरा, हाच हिशोब करणारं पायथनचं पॅकेज. आधीच पायनेब चालवलं तर आकडा येतो पण तो कुठून आला ते कळत नाही. त्यानंतर वेबचा मास्ट आर्काइव्हमधला खुला डेटा आहेच, साधा लॅपटॉप आणि पायथन पुरतं.

करण्यासारखं भरपूर पडलंय. जीएन-झेड११ या फार दूरच्या गॅलेक्सीत, विश्व ४३ कोटी वर्षांचं असताना, नायट्रोजन ऑक्सिजनच्या मानाने फारच जास्त दिसतो, आणि नायट्रोजन तर सहसा सावकाश, मध्यम वजनाच्या ताऱ्यांतून येतो, मग इतक्या लवकर कुठून आला? कोणी प्रचंड वजनाच्या ताऱ्यांकडे बोट दाखवतं, कोणी जन्माला येणाऱ्या ग्लोब्युलर क्लस्टरकडे, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोल पुंजक्यांकडे, भांडण मिटलेलं नाही. टेलिस्कोपवर जास्त जीव असेल तर आपल्याच गॅलेक्सीतले जुने, लोह कमी असलेले तारे घ्या, लडाखमध्ये हानलेच्या हिमालयन चंद्र टेलिस्कोपवर ते काम चालतं, प्रश्न तोच फक्त उलट्या बाजूने.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो खरी, पण ४३६३ दिसते ती शितं मुळातच गरम आणि चमकदार गॅलेक्सींतली असतात, म्हणून ज्यांच्यात ती दिसली नाही त्यांची पण यादी ठेवत जा. माझ्याकडे ती पहिल्या वर्षी नव्हती, आता जुन्या फायली उघडून एकेक गॅलेक्सी परत भरतेय, त्यांचे स्पेक्ट्रम एकत्र बेरीज करून सरासरीत तरी ती रेष वर येते का ते बघायला.