सड्यावरचे कातळशिल्प कसे वाचावे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, उघड्या जांभ्यावर (तांबूस, सच्छिद्र दगडावर) प्रागैतिहासिक माणसाने हत्ती, वाघ, गेंडे, मासे, माणसे आणि अर्थ न लागणाऱ्या भौमितिक रचना कोरून ठेवल्या आहेत. स्थानिकांना त्यांतील काही पूर्वीपासून ठाऊक होत्या, पण गेल्या दशकाहून अधिक काळ सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायी फिरून घेतलेल्या शोधामुळे हजाराहून अधिक शिल्पांची नोंद झाली. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ या नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

शिल्पापाशी उभे राहिलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘हे कशासाठी केले असेल?’ प्रश्न योग्यच आहे, पण तो पहिल्यांदा विचारला की उत्तर आपल्या मनातून येते आणि दगड बाजूला राहतो. म्हणून पुढील क्रमात हा प्रश्न मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. पुरातत्त्वाचे शिक्षण नसलेल्या, पण एखादा दिवस शांतपणे देण्याची तयारी असलेल्या वाचकाला या पद्धतीने जाता येईल.

वेळ निवडावी

पावसाळ्यात सड्यावर पाणी साचते आणि पाऊस संपल्यावर गवत माजते. गवत वाळून आडवे झाल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरपासून पुढे, कातळ मोकळा दिसू लागतो. त्याहून महत्त्वाची आहे ती दिवसातली वेळ. सूर्य डोक्यावर असताना कोरीव रेषेत सावली पडत नाही आणि जांभ्याचा काळपट-तांबूस रंग सगळीकडे सारखाच दिसतो. मी प्रथम भर दुपारी एका शिल्पावर गेलो होतो आणि वहीत ‘मासा, शेपटी तुटलेली’ असे लिहून परतलो. त्याच जागी दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अर्ध्या तासात पोहोचलो, तेव्हा तिरप्या उन्हात खाचेची पूर्वेकडची कड सावलीने भरली होती, पश्चिमेकडची उजळली होती आणि ज्याला मी तुटलेली शेपटी म्हटले होते तिथे दोन मागचे पाय स्पष्ट उभे होते. तो मासा नव्हता, चार पायांचा प्राणी होता. तेव्हापासून एकाच शिल्पाची सकाळची आणि संध्याकाळची अशी दोन निरीक्षणे झाल्याशिवाय मी त्याला नाव देत नाही, आणि वाचकांनीही देऊ नये अशी विनंती आहे.

कातळ मोकळा करावा, रंगवू नये

खाचेत साचलेली माती आणि वाळलेले गवत केरसुणीने किंवा मऊ ब्रशने हलक्या हाताने काढावे. लोखंडी खुरपे, तारेचा ब्रश किंवा पहार यांचा वापर कधीही करू नये, कारण जांभ्याची वरची कवच कठीण असली तरी कडा ठिसूळ असतात आणि एकदा उडालेली कपची परत बसवता येत नाही. छायाचित्र ठळक यावे म्हणून खाचेत खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची चाल अनेक ठिकाणी दिसते. त्याने दगडाच्या छिद्रांत परके द्रव्य उतरते, आणि त्याहून वाईट म्हणजे भरणाऱ्याला जी रेषा खरी वाटली तीच पुढच्या सर्वांना दिसत राहते, एक अंदाज कायमचा दगडावर चढतो. शिल्पावर चप्पल-बूट घालून चालू नये. बहुतेक सडे खासगी मालकीचे असतात, तेव्हा जाण्याआधी जमीनमालकाला किंवा ग्रामपंचायतीत विचारावे.

माणसाचे काम आणि निसर्गाचे काम वेगळे करावे

जांभा हा मुळात सच्छिद्र दगड आहे. पाण्याने त्यात खळगे, नळ्या आणि वाकड्यातिकड्या चरी आपोआप होतात, आणि उत्साहाच्या भरात त्यांतही डोळे आणि शिंगे दिसू लागतात. कोरलेली रेषा ओळखण्यासाठी तिच्यावरून बोट फिरवावे. माणसाने कोरलेल्या खाचेची रुंदी बऱ्याच अंतरापर्यंत सारखी राहते, तळ गोलसर असतो आणि वळण मनात धरून घेतल्यासारखे जाणवते. पाण्याची चर उताराच्या दिशेने जाते, मध्येच फुगते आणि मध्येच हरवते. काही शिल्पांत केवळ बाह्यरेषा खोदलेली असते, तर काहींत भोवतालचा दगड काढून आकृती उठावात ठेवलेली असते, त्यामुळे रेषा नाही म्हणून शिल्प नाही असा निष्कर्ष काढू नये.

अलीकडच्या खुणाही वेगळ्या काढाव्या लागतात. गुराख्यांनी कातळावर कोरलेले वाघबकरीचे पट, मोजणीच्या खुणा आणि चिऱ्यांसाठी, म्हणजे बांधकामाला कापायच्या जांभ्याच्या ठोकळ्यांसाठी, आखलेल्या सरळ रेषा हे सगळे सड्यावर असते. तेही माणसाचेच काम आहे, पण त्याचा काळ वेगळा आहे.

नोंद करावी, आणि नोंदीत अर्थ घालू नये

आलेख कागद, मोजपट्टी, दोरी आणि होकायंत्र एवढे साहित्य पुरते. शिल्पाभोवती दोरीने एक मीटरचे चौरस आखावेत आणि प्रत्येक चौरसात जे दिसते ते कागदावर उतरवावे. उत्तर दिशा, खाचेची रुंदी आणि खोली, आकृतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, जवळ पाणी कुठे आहे आणि उभ्या जागेवरून समुद्र, खाडी किंवा डोंगर दिसतो का, हे लिहावे. वर्णनाचे शब्द साधे ठेवावेत. ‘देवी’ लिहू नये, ‘पाय फाकवलेली मानवाकृती, डोके वर्तुळाकार, चेहरा नाही’ असे लिहावे. ‘शिकारी’ लिहू नये, ‘मानवाकृतीच्या उजव्या हाताशी एक सरळ रेषा’ असे लिहावे. पहिल्या शब्दाने वाट बंद होते, दुसऱ्याने ती उघडी राहते.

आकृती कोणाची, आणि कोण नाही

आता प्राणी ओळखावा. हत्तीला सोंड, गेंड्याला नाकावरचे शिंग, पाकट माशाला पसरट अंग आणि लांब शेपूट, अशी ओळख पटवणारी किमान दोन लक्षणे मिळाल्याशिवाय नाव निश्चित करू नये. कोकणातील शिल्पांत गेंड्याची नोंद झाली आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. म्हणजे कोरणाऱ्याने पाहिलेले कोकण आपल्या कोकणापेक्षा वेगळे होते, किंवा गेंडा ठाऊक असलेली माणसे दुरून इथे आली होती.

जे नाही तेही लिहावे. या शिल्पांत नांगर, पेरणी, कापणी दिसत नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक राहिलेले तेजस गर्गे यांनी याच मुद्द्यावरून ही शिल्पे शिकार आणि अन्नसंकलन करणाऱ्या समाजाची असावीत आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १०,००० वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो असे मत मांडले होते. मत वजनदार आहे, तरी अभावावर उभे असलेले अनुमान जपून वापरावे, कारण शेती करणारा समाजही शेती न कोरता केवळ वाघच कोरू शकतो. पणसायमळला कुशावती नदीच्या काठच्या कातळावर वशिंडाचे बैल आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार रचना आहे, तेव्हा किनारपट्टीवरची सगळी शिल्पे एकाच काळाची असतील असे गृहीत धरता येत नाही.

काळाबाबत एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कोरलेल्या खाचेत जळलेले लाकूड किंवा हाड नसते, त्यामुळे कर्बमापनाने शिल्पाचे वय थेट काढता येत नाही. म्हणून संशोधक आसपासच्या पुराव्याकडे वळतात. सिंधुदुर्गातील कोळोशीच्या गुहेत झालेल्या उत्खननात सूक्ष्मास्त्रे म्हणजे दगडाची बारीक हत्यारे मिळाली आणि या भागात प्रागैतिहासिक माणसाचा वावर होता हे त्यावरून कळते. तीच माणसे सड्यावर कोरत होती हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

आकार अंगाने मोजावा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात जमिनीवरच्या व पाण्यातल्या अनेक प्राण्यांच्या लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. छायाचित्रात हा हत्ती एका नजरेत दिसतो, कारण कॅमेरा आकाशात असतो. जमिनीवर उभ्या माणसाला तो तसा दिसत नाही. सोंडेपाशी उभे राहिले तर पाठ केवळ दूर जाणारी एक खाच असते. अनवाणी होऊन बाह्यरेषेच्या कडेने, रेषेवर पाय न देता, पूर्ण फेरी मारावी. साठ मीटरच्या आसपास चालणे होते, आणि त्या चालण्यात हत्ती हळूहळू अंगाला कळतो. ही फेरी मारल्यावर ‘हे चित्र कोणाला दाखवण्यासाठी काढले?’ हा प्रश्न बदलतो. इतकी मोठी आकृती उंचावरून पाहण्याची सोय नसताना कोरली गेली, तर तिचे प्रयोजन पाहण्यात नसून कोरण्याच्या कामात, तिच्याभोवती फिरण्यात किंवा तिच्या आत उभे राहण्यात असू शकेल. छायाचित्र पाहून हा विचार मला सुचला नव्हता.

आता ‘कशासाठी’ विचारावे

जगभरच्या प्रागैतिहासिक कलेसाठी काही उत्तरे वारंवार दिली जातात. शिकार मिळावी म्हणून केलेली जादू, कुळाचे चिन्ह, वयात येणाऱ्या मुलांना द्यायचे शिक्षण, पाण्याची किंवा हद्दीची खूण, भारलेल्या अवस्थेत दिसलेले दृश्य. यांतले एक आवडले म्हणून निवडू नये. प्रत्येकाला विचारावे की तू खरा असशील तर दगडावर काय दिसले पाहिजे. शिकारीची जादू असेल तर जखमी प्राणी, भाले किंवा सापळे अपेक्षित आहेत. कशेळीच्या हत्तीच्या अंगात लहान प्राणी आहेत, पण हत्तीवर घाव दिसत नाही, त्यामुळे तिथे हे उत्तर कच्चे पडते. पाण्याची खूण असेल तर दहा-बारा शिल्पांपासूनची पाण्याची अंतरे मोजून पाहावीत. हद्दीची खूण असेल तर शिल्पे सड्याच्या कडांना असावीत, मध्यावर नसावीत.

बारसूची मानवाकृती येथे चांगली कसोटी घेते. दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी आणि मध्ये माणूस, ही मांडणी हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसते, आणि त्यावरून थेट नाते जोडण्याचा मोह होतो. साम्य खरे आहे. पण माणसाने दोन हिंस्र प्राण्यांना आवरले आहे ही कल्पना वेगवेगळ्या समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते, म्हणून मधले दुवे मिळेपर्यंत साम्याची नोंद करून थांबावे.

देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई विचलित होते आणि त्यावरून प्राचीन माणसाला चुंबकत्वाचे ज्ञान होते असे सांगितले जाते. येथे प्रत्यक्ष तपासणी करता येते. शिल्पापासून १०, ५० आणि २०० मीटर अंतरावर, शिल्प नसलेल्या कातळावरही तीच सुई ठेवून पाहावी आणि जमिनीवर व छातीच्या उंचीवर अशा दोन्ही ठिकाणी वाचन घ्यावे. जांभ्यात लोह भरपूर असते, आणि लोहयुक्त खडकावर वीज पडली की तेवढा भाग चुंबकित होऊ शकतो. सुई शिल्पाविना इतरत्रही हलत असेल, तर हा गुण दगडाचा आहे.

गावाचे ऐकावे

गावकरी अनेक ठिकाणी या आकृत्यांना पांडवांची चित्रे म्हणतात. कुडोपीच्या जागेचे स्थानिक नाव ‘बाहुल्यांचे टेंब’ आहे. अशी नावे मूळ हेतू सांगत नाहीत, कारण मध्ये हजारो वर्षे गेली आहेत. तरी ती खालच्या दर्जाची माहिती मानू नये. ती शिल्पाचे नंतरचे आयुष्य सांगतात, आणि ज्या जागेला नाव आणि कथा होती ती चिरेखाणीतून वाचली, असेही घडले असावे. सड्यावर गुरे नेणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘आजोबा, इथे आणखी कुठे असे आहे का?’ असे विचारावे, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, वेगळ्या पानावर लिहावे.

निष्कर्ष क्रियापदाने तोलावा

शेवटचे टिपण लिहिताना मराठीने दिलेली सोय वापरावी. मोजलेल्या गोष्टीला ‘आहे’ म्हणावे: खाच चार बोटे रुंद आहे. ओळखलेल्या गोष्टीला ‘दिसते’: प्राणी गेंडा दिसतो. पुराव्यावरून काढलेल्याला ‘असावे’: कोरणारे शिकारी समाजाचे असावेत. आणि प्रयोजनाला बहुतेक वेळा ‘असू शकेल’: आकृतीभोवती फिरण्याचा विधी असू शकेल. टिपणात कोणते क्रियापद किती वेळा आले हे मोजले की आपल्याला खरोखर किती कळले ते लगेच दिसते.

नवे शिल्प सापडले असेल तर नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला द्यावी. जागा संरक्षित होईपर्यंत तिचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच जागेवर उभे राहून पुन्हा छायाचित्र घ्यावे आणि जुन्या छायाचित्राशी खाचेची प्रत्येक कड ताडून पाहावी. कड झिजली असेल, कपची उडाली असेल किंवा जवळ नवी चिरेखाण सुरू झाली असेल, तर ते तारखेसह त्याच वहीत, पहिल्या नोंदीच्या खाली लिहावे.