मुलाने सर्व्हायवल गेम मागितलाय? हो म्हणायच्या आधी एवढं बघा

पोरांनी गेम मागितला की आपण सगळ्यात आधी बघतो रक्त आहे का आणि बंदुका आहेत का. ते बघाच, पण सर्व्हायवल गेममध्ये, म्हणजे सामान जमवून, घर बांधून जिवंत राहायच्या गेममध्ये, मुलाला जे झेपत नाही ते बऱ्याचदा तिथे नसतंच. मेल्यावर काय काय जातं, सोबत कोण खेळतंय आणि आपण गेम बंद केला तरी आत काय चालू राहतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रेटिंग, म्हणजे गेम कुठल्या वयाला चालेल ते, बघायला दोन मिनिटं लागतात, ते आधी उरकून टाका. युरोपचं पेगी 3, 7, 12, 16, 18 असे आकडे देतं. अमेरिकेचं ईएसआरबी अक्षरं देतं, टी म्हणजे 13 च्या पुढे, एम म्हणजे 17 च्या पुढे. माइनक्राफ्ट पेगी 7 आणि रस्ट पेगी 18, आणि दोन्हीकडे झाडं तोडा, दगड फोडा, घर बांधा हेच चालतं, त्यामुळे नुसतं "सर्व्हायवल आहे" यावरून काहीही कळत नाही. चित्रांवरही जाऊ नका. डोन्ट स्टार्व्ह दिसायला एकदम गोष्टीच्या पुस्तकासारखा, पण त्याला टी आहे आणि त्यात मेलात की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात. उलट सबनॉटिकाला ईएसआरबीने 10 वर्षांच्या पुढे चालेल असं म्हटलंय, रक्तपात फारसा नाही, पण खोल काळं पाणी आणि दिसत नसलेल्या कुठल्यातरी मोठ्या प्राण्याची डरकाळी, मीच हेडफोन काढून ठेवला होता. पाण्याला घाबरणारं मूल असेल तर रेटिंग काहीही असू दे, थांबा.

आणि पेगीचा आकडा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही, फक्त आतला मजकूर कुठल्या वयाला चालेल एवढंच सांगतो.

म्हणून स्वतः तासभर खेळून बघा, निदान पहिली रात्र होईपर्यंत, कारण दिवसा हे सगळे गेम छानच दिसतात. खेळणं जमत नसेल तर कुणीतरी न कापता टाकलेला गेमप्लेचा व्हिडिओ बघा, ट्रेलर नको, आणि सरळ तो माणूस मरतो तिथे जा.

मरणं का, ते सांगते. माझी भाची 9 वर्षांची, तीन संध्याकाळी खणून खणून सामान जमवलं आणि एका चुकीच्या पावलाने लाव्हात पडली, सगळं जळून गेलं. रडली नाही ती. कंट्रोलर मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, तूच बंद कर ना." मला तेव्हा माहीतच नव्हतं की मेल्यावर सामान राहू दे अशी सेटिंग असते, पाच मिनिटं मेनू बघितला असता तर तिचं तेवढं वाचलं असतं. माइनक्राफ्टमध्ये हा नियम चालू करता येतो, गेम किती अवघड ते ठरवणारी सेटिंग पीसफुलवर ठेवली तर रात्रीची भुतंही येत नाहीत आणि भूकही लागत नाही. हार्डकोर मोड मात्र लहान मुलांना अजिबात नको, एकच जीव असतो. ग्राउंडेड नावाच्या गेममध्ये कोळ्यांची भीती असणाऱ्यांसाठी वेगळी सेटिंग आहे, कोळ्याचे पाय कमी करत करत नुसता गोळा उरतो, मुलासोबत बसून ठरवा किती पाय चालतील.

आता ऑनलाइन, इथे मी कडक आहे. रस्टमध्ये तुम्ही लॉगआउट केलंत तरी तुमचा माणूस तिथेच झोपलेला राहतो आणि बाकीचे येऊन भिंत फोडून सगळं लुटून नेऊ शकतात, त्याला रेड म्हणतात. मोठ्यांना त्यातच मजा येते, पण 11 वर्षांचं मूल अभ्यासाला बसलं तरी डोक्यात बेसच, म्हणजे गेममधलं घरच, राहणार ना. त्यामुळे मुलाला एकच प्रश्न विचारा, तू झोपलास की तुझ्या घराचं काय होतं? "काही नाही, सेव्ह होतं" म्हणाला तर बरं, "कोणीतरी राखायला लागतं" म्हणाला तर तो गेम आत्ता नको.

सोबत कोण खेळतंय ते रेटिंगमधून कळणार नाही. ईएसआरबी स्वतःच सांगतं की ऑनलाइन लोकांशी होणारं बोलणं आम्ही रेट करत नाही, म्हणजे पेगी 7 वाल्या गेममध्येसुद्धा अनोळखी सर्व्हरवर कोण काय बोलेल सांगता येत नाही. सुरुवात एकट्याच्या वर्ल्डपासून करा, नंतर ओळखीच्या दोन-तीन मित्रांचं प्रायव्हेट वर्ल्ड, व्हॉईस चॅट बंद, आणि पहिले काही दिवस हेडफोन नको, आवाज घरात ऐकू येऊ दे. विकत घ्यायच्या वस्तूंचं दुकान आत आहे का तेही बघून पासवर्ड लावून टाका.

एवढं करून गेम चालेल असं वाटलं तर मनापासून हो म्हणा, अर्धवट परवानगी नको. उद्यासाठी लाकूड साठवून ठेवणं, अंधार पडायच्या आत घरी परतणं, हे मुलं यात स्वतःहून करतात आणि ते बघायला खरंच छान वाटतं.

थांबायची वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका. "आठ वाजले, बंद कर" म्हटलं आणि तो नेमका गुहेत असला की भांडण ठरलेलं. माइनक्राफ्टचा एक अख्खा दिवस-रात्र 20 मिनिटांचा असतो, तर "दोन दिवस खेळ, दुसऱ्या रात्री पलंगावर झोपलास की बंद" असं सांगा, आमच्याकडे हे चालतं, झोपली की भाची स्वतःच सांगत येते.