स्वस्त प्रीपेड रिचार्जचे तोटे आधी कसे तोलावेत

प्रीपेड रिचार्ज खरोखर स्वस्त आहे का, हे ठरवायला दुकानातील पाटीवरचा आकडा पुरत नाही. रेंज नसलेल्या ठिकाणी आणि वैधता संपलेल्या दिवशी आपले काय अडते, त्याची किंमतही त्यात धरावी लागते.

सर्वप्रथम रोजचा दर काढावा. समजा १९९ रुपयांना २८ दिवस मिळत असतील, तर दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडतात. ४६९ रुपयांना ८४ दिवस मिळत असतील, तर ५ रुपये ५८ पैसे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवण्यास सांगितले. दुकानदार तो आपणहून दाखवीलच असे नाही, म्हणून विचारून घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांना नेट लागत नसेल, तर फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅनही मागावा; तो ठेवणे डिसेंबर २०२४ च्या नियमाने बंधनकारक झाले आहे. कापसाचे पैसे हातात येतात तेव्हाच वर्षाचा रिचार्ज मारून ठेवावा आणि खते-बियाण्यांच्या दिवसांत मोकळे राहावे, असे माझे मत आहे. मात्र त्याआधी पुढची पायरी चुकवू नये.

ती पायरी रेंजची. चोपडा तालुक्यात माझ्या मामांनी स्वस्त म्हणून घेतलेल्या सिमला गावात भरपूर रेंज मिळे, पण शेतात ती फक्त मोटारीच्या खोलीच्या दाराशी येई. मामा फोन तिथे खिळ्याला टांगून ठेवत आणि केळीला पाणी भरताना अर्धा कान दाराकडे असे. एका सकाळी व्यापाऱ्याने दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही म्हणून तो शेजारच्या बागेत गेला, आणि वर्षभरात वाचलेले पैसे एका फेरीत गेले.

म्हणून आपला मुख्य क्रमांक न हलवता, ज्या कंपनीकडे जायचा विचार आहे तिचे वेगळे सिम घेऊन ते महिनाभर वापरावे. कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात, ते जरूर पाहावेत. पण धाब्याच्या घराच्या जाड भिंतींच्या आत काय होते, हे नकाशा सांगत नाही. शेत, घराची आतली खोली आणि रोजचा रस्ता अशा तिन्ही ठिकाणी फोन लावून पाहावा. नेट रात्री आठ ते दहाच्या गर्दीत तपासावे आणि गावची वीज तीन-चार तास गेल्यावर टॉवर चालू राहतो का, तेही बघावे. धडगाव-अक्कलकुवा भागात डोंगराच्या एका अंगाला रेंज आणि दुसऱ्या अंगाला शुकशुकाट असतो, त्यामुळे तिथे आपल्याच पाड्यातील माणसाचा अनुभव विचारावा. नवापूर, शिरपूर किंवा रावेरच्या सीमेवर फोन कधी गुजरातचा, कधी मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो. डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबते आणि दोष मात्र कंपनीला लागतो. साधा टू-जी फोन असेल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही, हेही खरेदीआधीच लक्षात घ्यावे.

यानंतर वैधता संपल्यावर काय होते, हे लेखी विचारावे. पूर्वी केवळ फोन घेण्यासाठी सिम वर्षानुवर्षे ठेवता येई. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणल्यापासून ती सोय गेली. क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो, मात्र खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. बँक, आधार आणि पीएम-किसानचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात, त्याच्या बाबतीत हा तोटा मला सर्वांत मोठा वाटतो. चार पैसे महाग पडले तरी चालतील, पण तो क्रमांक बेभरवशाच्या सेवेवर ठेवू नये. स्वस्ताचे प्रयोग दुसऱ्या सिमवर करावेत.

एवढे पाहूनही क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, पुढे जागा सोडून आपला क्रमांक टाकावा आणि तो संदेश १९०० वर पाठवावा. परत येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो; तो आपल्याकडे चार दिवस चालतो. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि शिल्लक रक्कम नव्या कंपनीकडे येत नाही, आणि मन बदलले तरी पुढचे ९० दिवस माघारी जाता येत नाही. म्हणून जुनी वैधता संपायला सात-आठ दिवस उरलेले असताना हा संदेश पाठवावा आणि सिम बदलेपर्यंत बँकेचा एकही मोठा व्यवहार अंगावर घेऊ नये.