वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्या ज्येष्ठांची आधीची तयारी

पहिलं काम गोळ्यांचं. बीपी, शुगर, संधिवात, झोप, ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. वैद्यांचं चूर्ण, काढा आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी यांनाही त्याच पिशवीत जागा द्या. कागदावर यादी करताना मिलिग्रॅम हमखास राहतात, म्हणून पट्ट्याच न्याव्यात. वय झालं की मूत्रपिंडं औषध सावकाश बाहेर टाकतात आणि चार औषधं एकमेकांत अडकतात. याच भीतीपोटी नव्या औषधांच्या कित्येक चाचण्यांत ठराविक वयापुढच्या माणसांना घेतच नाहीत, आणि मग ज्या गोळ्या पंचाहत्तरीतली माणसं रोज खातात त्यांची परीक्षा तरुण शरीरांवर होते. ज्येष्ठांनी संशोधनात यावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच. मात्र पुरतं समजून घेऊन.

अभ्यास कसला आहे, हे आधी विचारा. 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या सत्तर हजारांहून अधिक भारतीयांची ‘लासी’ ही वाढत्या वयातल्या आरोग्याची देशव्यापी पाहणी झाली, त्यात घरी येऊन प्रश्न विचारले, वजन-उंची घेतली, हाताच्या मुठीची ताकद मोजली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालते, तिथे काम फक्त माहिती गोळा करण्याचं. नव्या औषधाची चाचणी ही याहून फार वेगळी गोष्ट. तिथे आपल्या वाट्याला औषध येईल की औषध नसलेली गोळी, हे पुष्कळदा डॉक्टरांनाही माहीत नसतं. त्यामुळे ‘मोठ्या दवाखान्यात फुकट इलाज’ एवढंच समजून जाऊ नका. औषधाच्या चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते. तो क्रमांक मागून घ्या आणि नातवंडांना इंटरनेटवर बघायला सांगा.

संमतीपत्रासाठी सगळ्यांत जास्त वेळ ठेवा. सही त्याच दिवशी करायलाच हवी असं नाही; कागद घरी आणा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सोलापुरात हे जास्तच जपावं लागतं. पूर्व भागातल्या विणकर आजोबांना तेलुगू जवळची, अक्कलकोटकडच्या आजींना कन्नड. आपल्याला कळेल त्या भाषेत समजावून मागा, संकोच करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याच्या वेळी त्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. औषधाच्या चाचणीच्या कागदावर वारसदाराचं नावही विचारतात. ते ऐकून घरात धस्स होतं, पण चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा हक्क औषध-चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे, ती नोंद त्यासाठीच. सही झाली की एक प्रत आपली, ती घेतल्याशिवाय उठू नका. मधेच सोडावंसं वाटलं तर कधीही सोडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

मुलासुनांना एक विनंती. सोबत जरूर जा, पण आईच्या वतीने ‘हो, हो’ म्हणू नका. जन्मभर विड्या वळून घर चालवलेल्या बाईला स्वतःच्या रक्ताबद्दल निर्णय घेता येतो. कानाला कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरांना समोर बसून सावकाश बोलायला सांगा.

जायच्या दिवशी चष्मा, कानाचं यंत्र, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये घ्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. हे विसरलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. डब्यात मऊ भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. एप्रिल-मे असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, आपल्याकडचं ऊन म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. रिक्षाभाडं किंवा बुडालेली मजुरी मिळणार का, हेही मोकळेपणाने विचारा.

अभ्यासाच्या डॉक्टरांचा आणि नीतिमत्ता समितीचा (सहभागी माणसांचं हित जपणाऱ्या समितीचा) नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तर चाचणी चालू असल्याचं आधी सांगा. पाय घसरला, पुरळ उठलं, भूक मेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.