माळ, मीटिंग आणि समाजकार्य: व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, वर्गात व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन नीट शिकवले जाते, परंतु पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात फिल्डवर्कला गेल्यावर समोरचा माणूस जेव्हा सांगतो, "ताई, येत्या एकादशीला माळ घालतोय, मग दारूचा विषयच संपला," तेव्हा काय बोलावे हे बहुतेक विद्यार्थ्यांना सुचत नाही. काही जण हे अंधश्रद्धेचे बोलणे समजून विषय बदलतात, तर काही जण स्वतःच भाविक असल्यामुळे आनंदाने मान डोलावतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये कार्यकर्ता स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलत असतो, आणि समोरच्या माणसाला त्याच्या श्रद्धेतून नेमके काय मिळते, हे विचारायचे राहून जाते.

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे मिशनच्या कामासाठी अमेरिकेतून आलेले होते आणि त्याआधी त्यांनी नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम उभे केले होते. पुढे अभ्यासक्रम धर्मनिरपेक्ष राहिला, आणि ते योग्यच झाले. मात्र त्यामुळे गाडगे महाराज आपल्याकडे जयंतीपुरते उरले, याची मला मनापासून खंत वाटते. गावात आल्यावर आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहून कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, पोरांना शाळेत घाला, असे सांगायचे, ही त्यांची रीत होती. ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. व्यसनी माणसाशी बोलताना उपदेश टाळून त्याच्याकडूनच बदलाचे कारण काढून घ्यावे, असे आज प्रशिक्षणात शिकवले जाते, त्याच्याशी ही रीत ताडून पाहावी.

माळ घालण्याचा प्रत्यक्ष उपयोग काय होतो, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. तुळशीची माळ गळ्यात आली की मद्य आणि मांस वर्ज्य, हे सगळ्या गावाला माहीत असते. त्यामुळे जुने सोबती आग्रह करत नाहीत आणि संध्याकाळची अवघड वेळ भजनात जाते. एका घरभेटीत मी पाहिले की माळ खुंटीला टांगलेली होती आणि घरधनी पाठ फिरवून बसला होता. त्याच्या पत्नीने सांगितले की पुन्हा दारू घेतल्यापासून यांनी माळ काढून ठेवली आहे आणि देवळाकडे पाऊल टाकलेले नाही. रिलॅप्स, म्हणजे सोडलेले व्यसन पुन्हा सुरू होणे, हा या आजाराचा भाग आहे, हे आपण पेशंटला समजावतो. परंतु माळकऱ्याच्या मनात तो नियमभंग आणि पाप म्हणून रुततो आणि त्या लाजेपायी पिणे वाढत जाते. अशा वेळी माझ्या समजावण्यापेक्षा भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्या माणसाने घरी येऊन "चल, पुन्हा घाल माळ" असे म्हणणे अधिक उपयोगी पडते. त्या माणसापर्यंत पोहोचणे, त्याला आजाराची माहिती देणे आणि त्याच्याशी संपर्क टिकवणे हे समाजकार्यच आहे.

इथे एक वैद्यकीय गोष्ट प्रत्येक नवोदिताला पाठ असली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकादशी गाठून दारू एकदम थांबवली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम आणि निद्रानाश सुरू होतो, एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात. घरच्यांना ते बाहेरचे वाटते आणि माणूस दवाखान्याऐवजी देवऋषाकडे नेला जातो. या अवस्थेत जीव जाऊ शकतो. म्हणून माळेचा निश्चय ऐकल्याबरोबर त्याचे स्वागत करावे, आणि त्याच बैठकीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवण्याची व्यवस्था करावी.

श्रद्धेच्या आधाराची दुसरी मर्यादा घरातल्या स्त्रीच्या बाबतीत येते. मार खाणाऱ्या बाईला "देव परीक्षा पाहतोय, सोसा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिची भक्ती तिला बळ देत असेल तर तिचा मान राखावा, परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती तिला दिल्याशिवाय उठू नये.

ज्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांनी या क्षेत्रात येऊ नये असे मुळीच नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीच साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा, म्हणजे एका उच्च शक्तीचा, उल्लेख आहे, परंतु तो ज्याला जसा उमगेल तसा. अनेक सभासद आपल्या गटालाच ती उच्च शक्ती मानतात. म्हणून केस हिस्टरी घेताना "तुम्ही देव मानता का?" असे विचारण्यापेक्षा "फार अवघड दिवस आला की तुम्हाला कशाचा आधार वाटतो?" असे विचारावे. उत्तरात कधी पांडुरंग येतो, कधी दर्गा, कधी बाबासाहेबांची तसबीर, तर कधी मेलेली आई येते. ते उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि पुढच्या नियोजनात खरोखर वापरावे.

नोकरीचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की व्यसनमुक्ती केंद्रांतल्या आणि संस्थांतल्या बऱ्याच नेमणुका करारावर असतात व पगार बेताचा असतो. म्हणून मुलाखतीत पगाराबरोबरच तिथे नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी वरिष्ठाशी आपल्या कामाबद्दल बोलण्याची सोय, मिळते का, हे अवश्य विचारावे. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याला स्वतःचे मन मोकळे करायला हक्काची जागा लागते, आणि प्रार्थना किंवा ध्यान कितीही प्रिय असले तरी त्याने सुपरव्हिजनची गरज भागत नाही. फिल्डवर्क सुरू होण्याआधी अ‍ॅनॉनिमसच्या ओपन मीटिंगला जाऊन यावे, कारण तिथे बाहेरच्यांना बसता येते. वही बाहेर काढू नये, शांतपणे शेअरिंग ऐकावे, आणि प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फिल्डवर्कच्या सविस्तर नोंदीत, कोणाचेही नाव किंवा ओळख न देता आपल्या मनात काय काय उमटले तेवढेच लिहावे.