मोटार-केबल चोरीवर पोलिसांसोबत बैठक : जाण्याआधी काय काय तयार हवं

बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या सीमेवरच्या गावांत नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जायला लागल्या की गावाची पहिली मागणी असते, गस्त वाढवा. नुसती तेवढीच मागणी नेली तर आठवडाभर जीप फिरते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका ठाण्याकडे गावं बरीच आणि माणसं मोजकी, हे त्यामागचं साधं कारण. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता लक्ष ठेवायचं हे गावानं दाखवलं तर बीटचा, म्हणजे त्या भागासाठी नेमलेला, एकटा पोलीसही कामाला येतो. म्हणून बैठकीच्या तीन आठवडे आधी तयारीला लागा आणि विषय एकच ठेवा. मोटारचोरीच्या बैठकीत दारू, जुगार आणि रस्त्यावरचं पार्किंग शिरलं की हाती काही लागत नाही.

आधी एक वही घाला. मागच्या 12 महिन्यांतली प्रत्येक चोरी तिच्यात उतरवा : तारीख, वार, माल शेवटचा कधी पाहिला, गेल्याचं कधी कळलं, सर्व्हे नंबर, वीज कंपनी हेस्कॉमचा आर.आर. नंबर (वीज जोडणीचा क्रमांक), केबल किती मीटर गेली, त्या वेळी थ्री फेज वीज चालू होती की बंद, आणि फिर्याद दिली का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "चार हजारांच्या केबलीसाठी कोण हेलपाटे घालणार" म्हणून बरेच जण ठाण्यात जातच नाहीत, आणि मग ठाण्याच्या कागदावर गाव शांत दिसतं. विजेचं वेळापत्रक वहीलाच चिकटवून टाका. चालू लाईनची केबल चोर सहसा तोडत नाही, तो वीज गेल्यावर येतो. त्यामुळे चोरीच्या वेळा वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या की बऱ्याचदा दोन-तीन तासांचा एक पट्टा हाती लागतो.

मग गावचा नकाशा भिंतीवर लावा, टिकल्यांचं पाकीट आणा आणि प्रत्येक चोरीला एक लाल टिकली लावा. टिकल्या पुलाजवळ, पाणंदीच्या तोंडाशी की राज्याच्या हद्दीला लागून, हे लांबूनही दिसतं. बांधावर जळक्या प्लास्टिकची काळी खपली आणि उग्र वास असलेली जागा सापडली तर तिला वेगळ्या रंगाची टिकली. तिथे केबल जाळून तांबं काढलेलं असतं. ती जागा तुडवू नका, फोटो काढा आणि बीट पोलिसाला बोलवा. शेतकरी घाईनं नवी केबल जोडतो, जागा झाडून घेतो आणि पुरावा तिथेच संपतो.

मोटारींवर खूण करायला एक दिवस राखून ठेवा. नेमप्लेटचा फोटो हवाच, पण चोर आधी नेमप्लेटच उडवतो. म्हणून 6 मिलिमीटरचे अक्षरपंच आणून मोटारीच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जाड भागावर सर्व्हे नंबर ठोका. सबमर्सिबलच्या पातळ पत्र्यावर मात्र ठोकू नका, पत्रा चेपतो. केबलवरची खूण जाळल्यावर राहत नाही, त्यामुळे तांब्याची वाट भंगारवाल्याकडेच अडवावी लागते. विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि गाडी नंबर लिहिलेलं रजिस्टर त्यानं ठेवावं आणि बीट पोलिसानं ते दर आठवड्याला पाहावं, ही पोलिसांकडे करायची पहिली मागणी.

बोलवायची माणसं 15 ते 20, जास्त नकोत. पंपसेटवाले शेतकरी, हेस्कॉमचा लाईनमन, पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), पहाटे दूध घालायला जाणाऱ्या दोन-तीन बायका आणि ऊसतोड टोळीचा मुकादम. मुकादमाला वगळू नका. हंगामात पहिला संशय टोळीवर जातो, तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो, आणि रात्री फडाजवळ जागी असणारी माणसं तीच असतात. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्याला लागून गाव असेल तर पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या पोलीस पाटलांना निमंत्रण द्या. आपल्याकडे कर्नाटकात ते पद नाही, त्यांच्याकडे आहे. दोन्ही बाजूंच्या ठाण्यांत एकेका अधिकाऱ्याचा नंबर ठरवून घेणं, ही दुसरी मागणी. जागा ग्रामपंचायत किंवा शाळा, कुणाचं घर नको, पक्षाचं कार्यालय तर नकोच.

भाषेची सोय आधीच करा. पत्र आणि इतिवृत्त कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाईल, ती वाचून दाखवून मराठीत समजावल्याशिवाय सही करू नये, हे सगळ्यांना सांगून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्याददाराला मोफत मिळते आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. सीमेवर हे फार उपयोगाचं. चोरी शिवेवरच्या विहिरीत झाली म्हणून "पलीकडे जा" असं कुणी सांगितलं तर हेच कलम दाखवा. तरीही नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी कळवता येतं.

गावची गस्त ठरलीच तर चार-चार जणांच्या दोन पाळ्या करा आणि नावं-नंबर ठाण्यात आधी द्या. बॅटरी, शिट्टी, वही आणि चार्ज केलेला फोन पुरे. काठ्या-कोयते नकोत. गाडी अडवायची नाही, नंबर टिपायचा. शिवेवर मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो आणि 112 तिकडे लागू शकतो, म्हणून पहिलं वाक्य "कर्नाटक, बेळगाव जिल्हा" आणि गावाचं नाव. ठाण्याचा थेट नंबरही प्रत्येकाकडे असू द्या. कुणी डोळ्यांदेखत चोरी करताना सापडला तर धरता येतं, पण त्याच संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हात उगारायचा नाही. संशयितांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. अशा एका फोटोनं निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो.

तीन महिन्यांनी त्याच नकाशावर बैठकीनंतरच्या चोऱ्यांच्या निळ्या टिकल्या लावा. त्या कमी दिसल्या तरी शेजारच्या गावात विचारून या. चोरी तिकडे सरकली असेल तर पुढची बैठक त्या गावात ठेवा आणि नकाशा बरोबर न्या.